उमेदवाराचे चारित्र्य कुठे तपासायचे?

अध्यक्षपदाची निवडणूक आली की एक वाद हमखास रंगतो: उमेदवाराचे चारित्र्य पाहायचे की त्याची धोरणे? अमेरिकेत १८८४ साली हा वाद इतका टोकाला गेला की त्यातले बारकावे आजच्या मतदारालाही उपयोगी पडतील.

२१ जुलै १८८४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात ‘इव्हिनिंग टेलिग्राफ’ या दैनिकाने एक बातमी छापली. न्यूयॉर्कचे गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळून जेमतेम दहा दिवस झाले होते. या अविवाहित उमेदवाराला दहा वर्षांपूर्वी मारिया हॅल्पिन नावाच्या विधवेपासून मुलगा झाला होता, असे ती बातमी सांगत होती. क्लीव्हलंड यांची सारी राजकीय पुंजी ‘सचोटीचा माणूस’ या प्रतिमेत होती. गडबडलेल्या सहकाऱ्यांनी काय बोलायचे असे विचारले, तेव्हा त्यांनी तारेने कळवले की काहीही करा, पण खरे तेच सांगा. मुलाच्या खर्चाची जबाबदारी आपण घेतली होती, हे त्यांनी नाकारले नाही.

समोर रिपब्लिकन पक्षाचे जेम्स ब्लेन होते. प्रतिनिधीगृहाचे माजी सभापती, माजी परराष्ट्रमंत्री, फर्डे वक्ते आणि घरंदाज कुटुंबवत्सल गृहस्थ. त्यांच्यावरचा डाग वेगळ्या प्रकारचा होता. १८६९ मध्ये सभापती असताना त्यांनी दिलेला एक निर्णय अर्कान्सासमधील एका रेल्वे कंपनीच्या पथ्यावर पडला. पुढे त्याच कंपनीचे रोखे विकून त्यांनी दलाली मिळवली, आणि त्यासाठी लिहिलेल्या पत्रांत आपल्या त्या निर्णयाची आठवणही करून दिली. ही पत्रे बॉस्टनच्या जेम्स मलिगन या हिशेबनिसाकडे होती. १८७६ मध्ये चौकशी सुरू झाल्यावर ब्लेन यांनी ती पाहण्यासाठी म्हणून घेतली आणि परत केली नाहीत. उलट त्यांतले सोयीचे उतारे भर सभागृहात वाचून दाखवले. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये आणखी पत्रे छापून आली. त्यांतल्या एकासोबत ब्लेन यांनी स्वतःला निर्दोष ठरवणारा मजकूर लिहून पाठवला होता. समोरच्याने तो आपल्या नावाने द्यावा अशी विनंती होती, आणि पत्र जाळून टाकण्याची सूचनाही.

खासगी आणि सार्वजनिक

मतदारापुढचा पेच उघड होता. एकाचे खासगी आयुष्य वादात, पण महापौर आणि गव्हर्नर म्हणून कारभार स्वच्छ. दुसऱ्याचा संसार सुखाचा, पण पदाचा व्यवहार संशयास्पद. ब्लेन यांना कंटाळून स्वपक्षाची साथ सोडणाऱ्या सुधारणावादी रिपब्लिकनांना ‘मगवम्प’ म्हणत. कार्ल शुर्झ, ‘नेशन’चे संपादक गॉडकिन, ‘हार्पर्स वीकली’चे जॉर्ज विल्यम कर्टिस ही त्यांतली मोठी नावे. त्यांच्या गोटात एक युक्तिवाद गाजला: क्लीव्हलंड सार्वजनिक पदाला लायक आहेत, त्यांना तिथे पाठवा, ब्लेन यांचे खासगी जीवन आदर्श आहे, त्यांना तिथेच राहू द्या.

या युक्तिवादाची निकड समजायची तर तीनच वर्षे मागे जावे लागते. १८८१ मध्ये अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडणारा चार्ल्स गिटो हा सरकारी पद न मिळाल्याने चिडलेला माणूस होता. निवडणूक जिंकली की आपल्या माणसांना नोकऱ्या वाटायच्या, या प्रथेचे ते भीषण टोक होते. त्या धक्क्यातून १८८३ चा पेंडल्टन कायदा आला आणि काही सरकारी पदे तरी परीक्षेने भरली जाऊ लागली. अशा काळात अध्यक्ष पदाचा सौदा करील की नाही, हा प्रश्न नीतिपाठाच्या पुस्तकातला राहत नाही. तो थेट राज्यकारभाराचा होतो. म्हणून ब्लेन यांची पत्रे तपासणे योग्यच होते. पद हाती असताना माणूस कसा वागला, याचा तो लेखी पुरावा होता.

इथपर्यंत मगवम्पांची बाजू मला पटते. मात्र त्यांनी खासगी आणि सार्वजनिक यांमध्ये जी रेघ ओढली, ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही.

जिचे म्हणणे कुणी ऐकले नाही

त्या रेघेपलीकडे मारिया हॅल्पिन होत्या. प्रचारात त्यांच्या मुलावरून टवाळीच्या घोषणा झाल्या, व्यंगचित्रे निघाली. क्लीव्हलंड यांच्या समर्थकांनी हॅल्पिन यांच्याच चारित्र्यावर शिंतोडे उडवले आणि उमेदवाराने उदारपणे जबाबदारी पत्करल्याची कथा पसरवली. ऑक्टोबरच्या अखेरीस हॅल्पिन यांचे प्रतिज्ञापत्र प्रसिद्ध झाले. त्यात बळजबरीचा आरोप होता. मूल झाल्यानंतर त्यांना मनोरुग्णालयात नेण्यात आले होते आणि त्या वेड्या नसल्याचे दिसल्यावर सोडण्यात आले होते. मूल मात्र त्यांच्याकडून गेले ते गेलेच.

तो आरोप न्यायालयात कधी तपासला गेला नाही. पण आरोप बळजबरीचा असेल, तर त्याला ‘खासगी भानगड’ म्हणून बाजूला सारता येत नाही. तिथे एका वजनदार वकिलाने, माजी शेरीफने एका एकाकी स्त्रीवर आपले बळ कसे वापरले, हा प्रश्न उभा राहतो, आणि बळाचा वापर हा सार्वजनिक प्रश्नच आहे. काय खासगी मानायचे हे ठरवणारे संपादक, धर्मगुरू आणि पुढारी जवळपास सगळे पुरुष होते. मतदार तर सगळेच पुरुष. त्याच निवडणुकीत समान हक्क पक्षातर्फे बेल्वा लॉकवुड या वकील बाई अध्यक्षपदासाठी उभ्या होत्या, पण स्वतःला मत देण्याचा हक्क त्यांना नव्हता.

याच काळात आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यकशास्त्र शिकत होत्या. त्यांच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये तिथे गेलेल्या पंडिता रमाबाई अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी मराठी वाचकांच्या हाती दिले. त्या देशाच्या लोकसत्ताक व्यवस्थेबद्दल त्यांना मनापासून आदर होता. तरीही त्या व्यवस्थेने स्त्रियांना मताधिकारापासून दूर ठेवल्याचे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. निवडणुकीतल्या चारित्र्यचर्चेकडे पाहताना ही नजर हवीच. चर्चा कोण करते आहे आणि कुणाला बोलू दिले जात नाही, हे तिने आधी पाहावे.

गोंगाटात हरवलेली धोरणे

आयात जकात किती असावी, हा त्या काळचा मोठा आर्थिक प्रश्न. प्रचाराच्या धुळवडीत तो मागे पडला. दोन्ही पक्षांचे ज्यावर एकमत होते, त्यावर तर कुणी फारसे बोललेच नाही. चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी घालणारा कायदा १८८२ मध्ये झाला होता. दोन्ही पक्ष त्या बंदीच्या बाजूने होते. १८८८ मध्ये, पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर, अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी ‘स्कॉट कायद्या’वर सही केली. तात्पुरते मायदेशी गेलेल्या हजारो चिनी कामगारांना परतीची दारे बंद झाली. इतक्या माणसांचे आयुष्य उलथवणारा विषय १८८४ च्या प्रचारात वादाचा झाला नाही, कारण त्यावर भांडायला समोर कुणी उभेच नव्हते.

निकाल अगदी काठावर लागला. २९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये ब्लेन यांच्या उपस्थितीत सॅम्युअल बर्चर्ड या धर्मोपदेशकाने डेमोक्रॅटिक पक्षाची सांगड दारू, कॅथलिक पंथ आणि यादवी युद्धातील बंडखोरी यांच्याशी घातली. ब्लेन यांनी तिथल्या तिथे त्याचा निषेध केला नाही आणि आयरिश कॅथलिक मतदार दुखावले. त्याच रात्री ते ‘डेलमोनिको’ या उपाहारगृहात धनाढ्यांच्या मेजवानीला गेले; दुसऱ्या दिवशी ‘वर्ल्ड’ या दैनिकाने त्या पंगतीचे व्यंगचित्र पहिल्या पानावर छापले. न्यूयॉर्क राज्यात साडेअकरा लाखांहून अधिक मतांत क्लीव्हलंड यांना हजार-अकराशेची आघाडी मिळाली, आणि त्या राज्याच्या जोरावर ते २१९ विरुद्ध १८२ अशा निर्वाचक मतांनी अध्यक्ष झाले.

सचोटीचे पुढे काय झाले

अध्यक्ष म्हणून क्लीव्हलंड जसे होते तसेच राहिले. पहिल्याच कारकिर्दीत त्यांनी ४१४ वेळा नकाराधिकार वापरला. माजी सैनिकांच्या नावाने मंजूर होणारी खिरापतीसारखी पेन्शन-विधेयके ते एकेक वाचून परत पाठवत. त्याच काटेकोरपणाने त्यांनी १८८७ मध्ये टेक्सासमधील दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांना बियाण्यासाठी द्यायची दहा हजार डॉलरची मदतही रोखली. जनतेने सरकारला आधार द्यावा, सरकारने जनतेला नव्हे, अशी त्यांची धारणा होती. ज्या गुणासाठी लोकांनी त्यांना निवडले, तोच गुण कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात निष्ठुर धोरण होऊन उभा राहिला. चारित्र्य आणि धोरण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाहीत, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

१८८८ मध्ये हरून १८९२ मध्ये ते पुन्हा निवडून आले. १ जुलै १८९३ रोजी, देश आर्थिक अरिष्टात असताना, ‘ओनायडा’ या खासगी बोटीवर गुपचूप शस्त्रक्रिया करून त्यांच्या वरच्या जबड्याचा कर्करोगग्रस्त भाग काढण्यात आला. लोकांना दातदुखी आणि संधिवाताचे कारण सांगितले गेले. ई. जे. एडवर्ड्स या पत्रकाराने खरी बातमी दिली, तेव्हा त्यालाच खोटे पाडण्यात आले. शस्त्रक्रियेतील एक डॉक्टर, विल्यम कीन, यांनी हकिकत उघड केली ती १९१७ मध्ये, क्लीव्हलंड यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. चांदी-सोन्याच्या चलनाचा तंटा पेटलेला होता; क्लीव्हलंड सोन्याच्या बाजूचे होते, तर उपाध्यक्षांचा कल चांदीकडे मानला जात असे. त्यामुळे अध्यक्षांच्या प्रकृतीवर देशाचे आर्थिक धोरण अवलंबून होते. म्हणजे मतदारांना जे कळणे सर्वाधिक गरजेचे होते, तेच ‘खरे सांगा’ म्हणणाऱ्याने दडवले.

यावरून सगळेच पुढारी सारखे, असा निष्कर्ष काढणे हा आळस ठरेल. ब्लेन आणि क्लीव्हलंड सारखे नव्हते, आणि त्यांतला फरक ओळखण्याचे कष्ट मगवम्पांनी घेतले हे त्यांचे श्रेयच. पण एकदा खरे बोलला म्हणून कुणाला कायमचे प्रमाणपत्र देऊ नये, हेही तितकेच खरे. उमेदवाराच्या आयुष्यातली जी गोष्ट सत्तेच्या वापराशी जोडलेली आहे, ती पुराव्यानिशी विचारावी, मग ती दिवाणखान्यातली असो वा कचेरीतली. त्याच्या गुणांची किंमत कोण मोजणार, याचा हिशेब मांडावा. जिथे सगळे पक्ष एका सुरात बोलू लागतात, तिथे अधिक जोराने प्रश्न करावेत. आणि मतदान झाले म्हणून ही तपासणी थांबवू नये. अधिकार खऱ्या अर्थाने हाती येतो तो त्यानंतरच.