राजवाड्याचे वैभव आणि रयतेचा ताळेबंद

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात तिकीट काढून शिरणाऱ्या प्रेक्षकास, हा वाडा लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट आहे, ही माहिती आवर्जून पुरवली जाते. ती ऐकून प्रेक्षक संतुष्ट होतो, माना वर करून घुमट न्याहाळतो आणि पुढच्या दालनाकडे वळतो. या तुलनेत एक प्रश्न मात्र कायमचा बुजून जातो. आकाराचे माप हाती आले. पण त्या आकाराची किंमत कोणी मोजली, हे कळत नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासकास हा प्रश्न टाळता येत नाही.

वाड्याचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू होऊन १८९० मध्ये पूर्ण झाले. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे शिल्पकारही तेच. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर रॉबर्ट चिझम यांनी काम तडीस नेले. दरबार हॉलच्या जमिनीसाठी व्हेनिसची नक्षी आली, शिल्पांसाठी इटलीहून फेलिची आले. या वास्तूवर १,८०,००० पौंड खर्च झाल्याचे सांगितले जाते. संस्थानच्या उत्पन्नाचा कणा होता जमीनमहसूल. म्हणजे या संगमरवराचा अखेरचा देणेकरी गुजरातचा कुणबी होता, हे कोणाही जाणत्या माणसास मान्य करावे लागेल.

तथापि एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होणे अन्यायाचे होईल. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून १८७५ मध्ये दत्तक आलेल्या सयाजीराव गायकवाडांनी महसुलाचा दुसरा वाटा कोठे घातला, तेही पाहिले पाहिजे. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानात लागू झाला. बँक ऑफ बडोदा १९०८ ची, तर गावोगाव पसरलेली ग्रंथालय चळवळ १९१० ची. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा तरुण बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकावयास गेला. या एका खर्चाचा परतावा कोणत्या ताळेबंदात मांडावा?

चैनीचा खर्च आणि उत्पादक खर्च यांतील सीमारेषाही वाटते तितकी ठळक नसते. महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची जी चित्रे आज पाहावयास मिळतात, ती दरबारासाठी काढलेली. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या देवदेवता शिळाछापातून चाळीतल्या खोलीपर्यंत पोहोचल्या. राजाश्रयाखेरीज हे घडते काय, याची शंका वाटते.

मग तक्रार कशाबद्दल? तक्रार आहे ती संग्रहालयाच्या मौनाबद्दल. वाडा पुरा होऊन दशक लोटले नाही तोच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आला. गुजरातेत तो आजही ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जातो. १८९१ च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. दुष्काळ आणि साथी यांनंतर, १९०१ मध्ये, ती साडेएकोणीस लाखांवर आली. याच संस्थानात १९०४ मध्ये महसूलमंत्री म्हणून आले ते रोमेशचंद्र दत्त, भारताच्या आर्थिक इतिहासाचे आद्य लेखक. महसूल आणि दुष्काळ यांचा संबंध आयुष्यभर अभ्यासलेल्या या पंडिताला बडोद्यात का बोलावले गेले, ही कथा तलवारी आणि तैलचित्रांइतकीच प्रेक्षणीय ठरेल. शस्त्रांच्या शेजारी जमाखर्चाच्या वह्या मांडल्या, तर राज्य कशावर चालत होते ते शाळकरी पोरालाही कळेल.

येथे कोणी म्हणेल की, ही खाजगी मालमत्ता आहे. तेथे काय मांडावे हे सांगणारे आपण कोण? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तनखे बंद करणारा राष्ट्रपतींचा १९७० चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अखेर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. देशभरच्या तनख्यांची ती रक्कम वर्षाला सुमारे पाच कोटींची होती. ती वाचली आणि ते योग्यच झाले. पण वाड्यांची छपरे कोणी शाकारायची, याचा विचार तेव्हा झाला नाही. तो भार मालकांवर पडला. म्हणून कोठे वाड्यांची हॉटेले झाली, तर कोठे वस्तू बाजारात गेल्या. खंडेराव गायकवाडांनी बनवून घेतलेला मोत्यांचा गालिचा २००९ मध्ये दोहा येथे सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला. तो फार पूर्वीच देशाबाहेर गेला होता. रयतेच्या पैशाची वस्तू अशी हातोहात जाते आणि रयतेला वर्तमानपत्रातून कळते.

यातून मार्ग देवघेवीचाच असू शकतो. दुरुस्तीसाठी शासनाने करसवलत किंवा अनुदान द्यावे. मोबदल्यात मालकांनी तीन गोष्टी मान्य कराव्यात. संग्रहाची संपूर्ण यादी प्रसिद्ध करावी, दप्तर संशोधकांना खुले ठेवावे आणि विद्यार्थ्यांना नाममात्र दरात प्रवेश द्यावा. यात मालकीहक्काला धक्का नाही. सार्वजनिक पैसा घेणाऱ्याने सार्वजनिक हिशेब द्यावा, एवढेच हे जुने तत्त्व आहे.

त्यासाठी आदर्श शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. याच सयाजीरावांनी १८९४ मध्ये सयाजीबागेत सर्वसामान्यांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. पाहण्याचा अधिकार प्रजेचा आहे, हे त्या राजाला उमगले होते. पाहून झाल्यावर हिशेब विचारण्याचा अधिकारही नागरिकाचा आहे, हे लोकशाहीला उमगावयास आणखी किती वर्षे लागावीत?