सॅक्सोफोनचा मऊ सूर

सॅक्सोफोन म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या वरातीतील बँड उभा राहतो, किंवा जुन्या हिंदी चित्रपटातील एखादी रात्रीची धून कानात घुमू लागते. याच वाद्यावर अमेरिकेत ‘स्मूद जॅझ’ नावाचा प्रकार वाजवतात. स्मूद म्हणजे मऊ, गुळगुळीत. तो ऐकताना इतका सहज वाटतो की वाजवणाराला काही कष्ट पडत असतील अशी शंकाही येत नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. सहज दिसणाऱ्या कामामागचा घाम शोधण्याची सवय त्यामुळे जडली. पन्नाशी उलटल्यावर एका निवृत्त बँडमास्तरांजवळ बसून आम्ही हे वाद्य शिकू लागलो, तेव्हा तीच सवय उपयोगी पडली. हा मऊ सूर कसा तयार होतो, आणि तो तयार करणाराच्या पदरात काय पडते, या दोन गोष्टी येथे श्रोत्यांपुढे मांडावयाच्या आहेत.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. बेल्जियममधील दिनाँ या गावी १८१४ साली जन्मलेल्या आदोल्फ साक्स या कारागिराने हे वाद्य घडवले व १८४६ मध्ये पॅरिस येथे त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असले तरी त्याची गणना लाकडी सुषिर वाद्यांत होते. कारण त्याचा आवाज निघतो तो पत्तीतून. ही पत्ती, म्हणजे रीड, बोरूसारख्या उंच नळगवतापासून करतात. दक्षिण फ्रान्समधील व्हार प्रांत या गवतासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या सनईला दुहेरी पत्ती असते, सॅक्सोफोनला एकच. ती माउथपीसवर पट्ट्याने आवळून बसवतात. फुंकलेल्या हवेने ती थरथरते, आणि त्या थरथरीला पितळेची नळी मोठे रूप देते.

ही नळी तोंडाकडे निमुळती व खाली रुंद होत गेलेली असते. त्यामुळे एक मोठी सोय झाली आहे. डाव्या अंगठ्याची चावी दाबली की बोटे तशीच ठेवून तोच सूर वरच्या सप्तकात बोलतो. क्लॅरिनेटची नळी सरळ असल्याने तेथे तीच युक्ती केली तर वरचा पंचम येतो आणि बोटांचा हिशेब बदलतो. म्हणून सॅक्सोफोनवर बोटे लवकर बसतात. नवशिक्याने आल्टो नावाचा मध्यम आकाराचा सॅक्सोफोन घ्यावा आणि पत्ती दोन किंवा अडीच नंबरची, म्हणजे नरम घ्यावी. एवढ्यावर साध्या गाण्याची चाल दोन-तीन महिन्यांत वाजू लागते. मात्र ती मऊ वाजत नाही. खरे शिक्षण तेथून पुढे सुरू होते.

मऊपणाचा पहिला आधार म्हणजे श्वास. वरचे दात माउथपीसवर टेकवायचे, खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित ओढून त्याची गादी करायची, आणि ओठांच्या कडा अशा मिटायच्या की हवा बाहेर गळता कामा नये. नवा माणूस घाबरून पत्ती चावतो. मग सूर चिरका होतो. आमचे बँडमास्तर म्हणत, “अण्णा, पत्ती चावू नका, तिला बोलू द्या.” त्यानंतर लांब सुरांचा रियाज येतो. गवई जसा पहाटे खर्ज भरतो तसाच हा प्रकार आहे. एकच सूर हळू सुरू करावा, चार मात्रांत वाढवावा, चार मात्रांत उतरवावा, आणि त्या अवधीत तो चढू वा उतरू देऊ नये. ज्याने कारखान्याच्या फाटकावर ध्वनिक्षेपकाशिवाय भाषणे केली आहेत, त्याला पोटातून श्वास घेणे ठाऊक असते. परंतु भाषणात श्वास खर्चून टाकतात. येथे तो जपून पुरवावा लागतो. जोराने फुंकणे सोपे, हळू फुंकून सूर जिवंत ठेवणे कठीण, हा या वाद्याचा कायदा आहे.

दुसरा आधार जिभेचा. प्रत्येक सुराच्या आरंभी जिभेचे टोक पत्तीला स्पर्श करते. ‘तू’ म्हटल्यासारखा स्पर्श केला तर सूर तुटक येतो. ‘दू’ म्हटल्यासारखा केला तर हवा अखंड राहते आणि एक सूर दुसऱ्यात मिसळतो. खालच्या सुरांवर जबडा थोडा मागे घेऊन ओठ सैल सोडला की सुरात श्वासाची कुजबूज येते. याला ‘सबटोन’ म्हणतात. सूर थोडा खालून उचलून जागेवर आणणे, हा आपल्या मींडेचा सख्खा भाऊ. पेटीवर जे साधत नाही ते येथे ओठाने साधते. मराठी कानाच्या शिकाऊ माणसाने या ठेवणीचा लाभ अवश्य घ्यावा.

स्वरांच्या बाबतीतही आपण अगदीच रित्या हाताने जात नाही. भूपाचे सा रे ग प ध हे पाच स्वर स्मूद जॅझमध्ये पदोपदी भेटतात. धानी रागाचे सा, कोमल ग, म, प, कोमल नी घेऊन त्यात तीव्र मध्यमाचा स्पर्श दिला की निग्रो समाजाच्या दुःखातून निघालेल्या ब्लूज संगीताचे सप्तक तयार होते. अडचण येते ती पुढे. आपल्याकडे तंबोऱ्याचा सा अचल असतो. जॅझमध्ये खालची जमीन सरकत असते, म्हणजे साथीचे स्वरसमूह बदलत राहतात. साथीत सा-ग-प चालू असेल तर ‘सा’वर थांबता येते. साथ प-नी-रे वर गेली की तोच ‘सा’ अधांतरी लोंबकळतो. तो ‘नी’वर उतरला की घर सापडते. हे सरकणे कानाने ओळखण्यासाठी उत्तम वादकांच्या चार-चार ओळी ऐकून, गुणगुणून, मग वाद्यावर उतरवाव्या लागतात. आणि ठेक्याच्या किंचित मागे रेलून वाजवावे लागते, तेव्हा कोठे तो निवांतपणा येतो.

या शैलीचा पाया घालणाऱ्यांत ग्रोव्हर वॉशिंग्टन (१९४३–१९९९) याचे नाव आदराने घेतले जाते. १९७१ मध्ये एका ध्वनिमुद्रणासाठी ठरलेला हँक क्रॉफर्ड हा वादक येऊ शकला नाही, आणि त्याच्या जागी ग्रोव्हरला उभे केले गेले. आमच्या भाषेत सांगायचे तर तो बदली कामगार होता! त्या बदलीतून त्याचा ‘इनर सिटी ब्लूज’ हा पहिला संग्रह निघाला. १९८० च्या ‘वाइनलाइट’ संग्रहात त्याच्यासोबत बिल विदर्स गायला. हा विदर्स विमानातील शौचालये बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता, आणि १९७१ साली गाणे गाजू लागले तरी नोकरी सोडायला तयार नव्हता. ज्या संगीताला लोक श्रीमंतांच्या दिवाणखान्याचे संगीत समजतात, त्याच्या मुळाशी अशी माणसे आहेत.

आता दुसरा प्रश्न. वादकाचा श्वास एकदा तबकडीवर उतरला की ती तबकडी हजार ठिकाणी वाजते, आणि त्या हजार ठिकाणी वादकाची गरज उरत नाही. हे ओळखून अमेरिकेतील वादकांच्या महासंघाने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रण बंद केले. संप दोन वर्षांहून अधिक चालला. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये करार केला, कोलंबिया व व्हिक्टर यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये. विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डमागे ठराविक रक्कम संघटनेच्या निधीत येऊ लागली आणि त्यातून वादकांना काम देऊन लोकांसाठी विनामूल्य मैफली होऊ लागल्या. या लढ्याची किंमतही पडली. चार्ली पार्कर व त्याचे सोबती त्या काळात जे नवे जॅझ घडवत होते, त्याचा आरंभीचा बराच भाग मुद्रित झालाच नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न होता. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत, आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही बसत. मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांचा सॅक्सोफोन तर घरोघरी पोहोचला. पण तबकडीवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे. वादकाचे बहुधा नसे.

स्मूद जॅझच्या काळात यंत्राने आणखी एक पाऊल टाकले. १९८७ मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘द वेव्ह’ हे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि अशा केंद्रांनी या मऊ संगीताचा फैलाव केला. ते हॉटेलात, दुकानात, प्रतीक्षालयात सतत मंद वाजू लागले. ताल-ठेका पुष्कळदा यंत्राचा असे. जॅझच्या जुन्या जाणकारांनी यावर नाके मुरडली, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. आमचा आक्षेप मात्र सुराच्या मऊपणावर नाही. कष्ट दिसू न देणे हे कारागिराचे कौशल्य आहे. पण ते कष्ट झालेच नाहीत असे ऐकणाराने समजणे हा अन्याय होय.

म्हणून शिकणाराला आमचे सांगणे थोडक्यात असे. रोज अर्धा तास पुरे, पण त्यातील दहा मिनिटे लांब सुरांना द्या. मुद्रित साथीवर सराव करण्यास हरकत नाही. तथापि आठवड्यातून एकदा तरी हाडामांसाच्या साथीदाराजवळ बसा. यंत्र तुमच्यासाठी थांबत नाही, माणूस थांबतो, आणि तुम्हालाही त्याच्यासाठी थांबायला शिकवतो. शेजाऱ्यांची झोप सांभाळा. सॉनी रोलिन्स हा नामांकित वादक १९५९ ते १९६१ या काळात न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करी, कारण शेजारच्या गरोदर बाईला त्रास होऊ नये असे त्याला वाटे. आपल्या चाळीत पूल नसेल, तर कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून वाजवा; कपडे बराच आवाज गिळतात.

आणि ज्यांना वाजवायचे नाही, नुसते ऐकायचे आहे, त्यांनी एवढे करावे: सूर आवडला की वाजवणाराचे नाव विचारावे, आणि वरातीत सॅक्सोफोनवाला पुढे आला तर त्याला घोटभर पाणी पिण्याइतकी उसंत द्यावी. त्याचा श्वास हीच त्याची मजुरी मिळवणारी शक्ती आहे.