कॉलेजचा जीएस नेमका कशासाठी असतो? फेस्टच्या पलीकडची गोष्ट

कॉलेजचा जीएस काय करतो? कट्ट्यावर विचारून बघा. बहुतेक जण सांगतील, ‘फेस्ट आणि गॅदरिंग.’ उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. कायद्याने विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींना आणखी एका ठिकाणी खुर्ची दिली आहे. तिथे कॉलेजचं बजेट, नवे कोर्स आणि प्राध्यापकांची पदं यांवर चर्चा होते.

उल्हासनगरचंच उदाहरण घेऊ. कॅम्प २ मधली मुलं-मुली बारावीनंतर बहुधा जवळच्याच कॉलेजात जातात. स्टेशनसमोरचं चांदीबाई, म्हणजे सीएचएम कॉलेज, नाहीतर आर. के. तलरेजा कॉलेज. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांतून हे शहर वाढलं आणि १९६०च्या दशकात ही दोन्ही कॉलेजं उभी राहिली. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे पुढे सांगितलेला कायदा त्यांनाही लागू होतो आणि अंबरनाथ-बदलापूरच्या संलग्न कॉलेजांनाही.

विभाग कोण चालवतं?

मराठी, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र असे कॉलेजचे विभाग असतात आणि प्रत्येकाला विभागप्रमुख असतो. पण संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विभाग ठरवत नाही. तो विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं. विभागाच्या हातात शिकवणं, अंतर्गत परीक्षा, प्रात्यक्षिकं, प्रकल्प आणि वाङ्मय मंडळासारखे उपक्रम असतात.

अनुदानित विभागाचं भवितव्य कार्यभारावर, म्हणजे आठवड्याच्या एकूण तासिकांवर ठरतं. विषय घेणारी मुलं कमी झाली की तुकड्या आणि तासिका कमी होतात आणि पद धोक्यात येतं. रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर शिक्षक नेमून काम भागवलं जातं.

याचा तुमच्याशी संबंध काय? २०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत पदवीच्या पहिल्या वर्षाला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे पर्याय आले. कागदावर पर्याय भरपूर दिसतात. पण तुमच्या कॉलेजात ज्या विषयाचा विभाग नाही किंवा शिक्षक नाही, तो विषय तुम्हाला मिळणं अवघड. त्यामुळे कोणता विभाग वाढवायचा, कुठे पद मागायचं, हा तुमच्या पदवीचा प्रश्न ठरतो.

ही चर्चा होते कुठे?

महाविद्यालय विकास समितीत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार प्रत्येक संलग्न कॉलेजात ही समिती हवी. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, एक विभागप्रमुख, निवडून आलेले तीन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी आणि स्थानिक सदस्य तिच्यात असतात.

आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवसुद्धा!

वार्षिक अंदाजपत्रक तयार करणं, नवे अभ्यासक्रम आणि वाढीव पदांची शिफारस करणं, विद्यार्थी कल्याणाच्या सूचना देणं ही या समितीची कामं. अंतिम निर्णय संस्थेचं व्यवस्थापन घेतं. पण लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी हवी किंवा लॅबला किती पैसे हवेत, हे मुलांच्या बाजूने मांडण्याची अधिकृत जागा हीच.

मग त्या खुर्चीवर बसतं कोण?

खरा पेच इथे आहे. एकेकाळी महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका थेट व्हायच्या. त्यात पक्ष उतरले, पैसा आला, मारामाऱ्या झाल्या. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याची हत्या झाली आणि निवडणुका बंद करण्याच्या मागणीने जोर धरला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक काढून टाकली. गुणांच्या आधारे प्राचार्य वर्ग प्रतिनिधी नेमू लागले आणि त्यांच्यातूनच सचिव निवडला जाऊ लागला.

पुढे माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने देशभरातल्या विद्यार्थी निवडणुकांसाठी नियम सुचवले. ७५ टक्के हजेरी, उमेदवाराला ५ हजार रुपयांची खर्चमर्यादा, छापील पोस्टरना बंदी. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते लागू करायला सांगितले.

२०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात थेट निवडणूक परत आणली. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी सगळ्या विद्यार्थ्यांनी निवडायचे. वर्ग प्रतिनिधी त्या त्या वर्गाने निवडायचा.

मग मतदान का झालं नाही?

२०१९ मध्ये वेळापत्रक जाहीर झालं होतं. विधानसभा निवडणुकीमुळे ते पुढे ढकललं गेलं. मग कोविड आला, कॉलेजंच बंद झाली. कॉलेजं उघडल्यावरही निवडणुकांचा मुहूर्त लांबतच गेला.

निवडणूक नको म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही. राजकारण वर्गात शिरतं, हे राज्याने पाहिलंय. पण नेमलेला प्रतिनिधी कितीही हुशार असला, तरी ज्यांनी त्याला नेमलं त्यांच्याचसमोर बसून त्याला बजेटवर प्रश्न विचारायचा असतो. निवडून आलेल्याच्या मागे मतं असतात. फरक इथे पडतो.

अमेरिकेतल्या अनेक छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या उपक्रम शुल्काचं वाटप निवडून आलेलं विद्यार्थी सरकार करतं. कोणत्या क्लबला किती, हे मुलं ठरवतात आणि हिशेबही मुलंच देतात.

तोवर तुम्ही काय करू शकता?

कॉलेजच्या वेबसाइटवर विकास समितीच्या सदस्यांची यादी शोधा. नॅकचं मूल्यांकन झालेल्या कॉलेजचा एक्यूएआर, म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल उघडा. विद्यार्थ्यांना कोणत्या समित्यांवर घेतलं, याची माहिती त्यात द्यावी लागते. कॉलेज अनुदानित असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज हाही मार्ग आहे.

आणि एक सोपं काम. तुमच्या सीआरला विचारा, ‘विकास समितीच्या मागच्या बैठकीत आपल्याकडून कोण होतं, काय बोललं?’

त्याला उत्तर माहीत नसेल, तर दोघं मिळून प्राचार्यांच्या ऑफिसात जा. तुमच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीबद्दल विचारायला निवडणुकीची वाट बघावी लागत नाही.