झोंपमोड आणि जुनें दुखणें

दुखण्यानें झोंप उडते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु झोंपमोडीनें दुखणें वाढतें, हें थोडेच जाणतात. नवी मुंबईंतील वाशीच्या घाऊक भाजीबाजारांत मध्यरात्रीनंतर ट्रक येतात. तेथें पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडीस कंबरदुखी व जागरण दोन्ही भोगावीं लागतात.

२०१९ सालीं अमेरिकेंतील बर्कली येथील संशोधकांनीं निरोगी तरुणांस रात्रभर जागवून, सकाळीं त्यांच्या पायास क्रमाक्रमानें उष्णता लावली. एरवीं सहज सोसणारी उष्णताहि त्यांस दुःसह झाली. मेंदूंतील वेदना जाणणारा भाग अधिक चेतला आणि ती आवरणारे भाग मंदावले.

म्हणून औषध चालूं असलें तरी अंधाऱ्या, शांत जागीं ठराविक वेळीं निजणें व त्यापूर्वीं चहा-तंबाखू टाळणें, हाहि उपचारच होय. घरच्यांनीं दिवसाची ती झोंप आळस समजून मोडूं नये.