बंबाच्या पोटात काय असतं?

तांब्याच्या बंबाचा फोटो कितीही चांगला आला तरी त्यात दिसतं ते बाहेरचं अंग: फुगीर पोट, दोन बाजूंच्या कड्या, पुढची पितळी तोटी, वर आलेलं धुराडं. बंब तापतो कसा, हे त्यातून कळत नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघराबाहेर तो धडधडताना ज्यांनी पाहिला त्यांना सांगावं लागत नाही. पण आजच्या तरुण मुलामुलींनी बंब पाहिला असलाच तर हॉटेलच्या दारात, शोभेची फुलं खोचलेला. पाणी बाहेरच्या अंगात असतं आणि विस्तव त्याच्या मधोमध, हे सांगितलं की त्यांना नवल वाटतं. जुन्या घरगुती वस्तू संगणकावर चितारण्याच्या कामात मी पडले ती या एका कारणासाठी. फोटोत वस्तूचं रूप राहतं. ती चालायची कशी, हे मात्र चित्रातच दाखवता येतं, कारण चित्रकाराला वस्तू उघडायची मुभा असते.

बंब उघडला की रचना अशी दिसते. मधून खालपासून वरपर्यंत एक रुंद नळी जाते. तिच्या तळाशी जाळी. जाळीवर लाकडाच्या ढलप्या, करवंट्या, गोवरीचे तुकडे, नाहीतर कोळसे. राख जाळीतून खाली पडते आणि खालच्या भोकांतून हवा आत ओढली जाते. नळीच्या सगळ्या बाजूंनी पाणी, त्यामुळे विस्तवाची ऊब चहूकडून पाण्यालाच मिळते. चुलीवरच्या हंड्याला ती फक्त बुडाशी लागते आणि उरलेली उडून जाते. काही बंबांना तोटी असते. काहींना नुसती वाकडी नळी असते. वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि वरचं कढत पाणी तेवढंच बाहेर येतं. रशियन सामोवारचीही घडण अशीच, मधल्या नळीची.

हे सगळं एका चित्रात कसं बसवायचं? मी काम करते इंकस्केपमध्ये. हे सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, फुकट आहे आणि देवनागरी नीट दाखवतं. त्यात चित्र ठिपक्यांचं नसतं, रेषांच्या गणिताचं असतं, म्हणून तेच चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं छापा नाहीतर भिंतीएवढं, कडा फाटत नाहीत. मी बंबाचे थर वेगळे ठेवते: बाहेरचं अंग, पाणी, मधली नळी, जाळी, विस्तव. बाहेरच्या अंगाचा पाव भाग कापून काढला की आतलं दिसतं. पडद्यावर पाहणाऱ्याला थराशेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून अख्खं अंगच काढून ठेवता येतं.

रेषांच्या या गणिताची मुळं मोटारीच्या कारखान्यांत आहेत. १९५९ मध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी मोटारीच्या पत्र्याचे वळसे आकड्यांत पकडण्याची रीत शोधली. कंपनीने ती गुपित ठेवली. पुढे रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तेच काम करून प्रसिद्ध केलं, आणि वक्राला नाव पडलं बेझिए यांचं. १९८७ मध्ये अडोबी इलस्ट्रेटर आलं आणि हा वक्र चित्रकारांच्या हाती पडला. दोन टोकांचे बिंदू आणि त्यांना ओढ देणारे दोन दांडे, एवढीच त्याची सामग्री. गंमत म्हणजे या वक्रातून पुरतं अचूक वर्तुळ निघत नाही. वर्तुळाचे चार तुकडे करून प्रत्येक दांड्याची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवली, तर चूक टक्क्याच्या तीन शतांशांहूनही कमी राहते. कुठल्याही डोळ्याला ती दिसणार नाही.

बंबाच्या चित्रात वर्तुळंच वर्तुळं: बुडाची कड, पोटाचा घेर, खांद्याचा वळसा, धुराड्याचं तोंड. समोरून पाहताना ती सगळी लंबवर्तुळं होतात आणि एकाच मापाची होत नाहीत. डोळ्याच्या पातळीवरचं वर्तुळ नुसती आडवी रेघ दिसतं. तिथून जितकं खाली जावं तितकं ते उघडत जातं. म्हणून वरून पाहिलेल्या बंबाच्या बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोल हवी. बाजारात विकत मिळणाऱ्या तयार चित्रांत भांड्याचं बूड सरळ रेषेत कापलेलं आणि तोंड मात्र उघडं असतं. तसं भांडं कुठल्याच जमिनीवर टेकणार नाही.

रंगाची गोष्ट आणखी अवघड. तांबं चकाकतं तेव्हा त्याची चकाकीही तांबूस असते. तिथे पांढरा पट्टा ओढला की बंब प्लॅस्टिकचा दिसू लागतो. घासलेल्या धातूवर उजेड आणि काळोख हळूहळू मिसळत नाहीत. उजळ पट्ट्याला लागूनच एकदम गडद पट्टा येतो, कारण तिथे शेजारची भिंत नाहीतर दार उमटलेलं असतं. मी रंगछटेच्या पट्टीवर हे थांबे मुद्दाम जवळजवळ ठेवते. पितळी तोटीला वेगळी, पिवळट पट्टी. बुडाजवळ काजळी, आणि धुराड्याच्या कडेला आंच लागून आलेला जांभळट-तपकिरी रंग. चिंच आणि मीठ लावून घासलेला बंबही तिथे पूर्ण लख्ख होत नाही.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांड्यावर हातोडीने ठोके उमटवतात, त्याला मठारकाम म्हणतात. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. मठारकामाने नुसती शोभा येत नाही, ठोक्यांनी पत्रा कठीण होतो. संगणकावर एक ठोका काढून त्याच्या शेकडो प्रती चिकटवणं अगदी सोपं आहे, आणि तसं केलं की भांडं चपटं दिसतं. गोल अंगावर मध्यापासून ६० अंश वळलं की ठोक्याची दिसणारी रुंदी निम्मी होते. कडेला तर नुसती बारीक चीर उरते. शिवाय प्रत्येक ठोका हा छोटा खोलगट आरसा आहे, उजेड त्याच्या उलट्या बाजूला पडतो. हे एवढं सांभाळलं की हातोडीचा आवाज ऐकू यावा असं अंग तयार होतं. बंब दोन्ही बाजूंना सारखा असतो म्हणून मी अर्धाच काढून उलटवून जोडते. मग पोचे मात्र ज्या बाजूला असतील त्याच बाजूला हाताने काढते. ते सारखे करून टाकणं मला पटत नाही.

जुन्या वस्तू हाताने चितारून ठेवायचा एक मोठा उपक्रम अमेरिकेत झाला. महामंदीच्या काळात बेकार चित्रकारांना काम मिळावं म्हणून सरकारने १९३५ मध्ये ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ सुरू केला. रजया, खेळणी, माठ, कुलपं, घोड्यांचे साज अशी सुमारे १८,००० जलरंगचित्रं १९४२ पर्यंत तयार झाली आणि आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. रंगीत छायाचित्रण तेव्हा भरवशाचं नव्हतं, हे एक कारण. पण ती चित्रं पाहताना जाणवतं की चित्रकाराने रजईचा टाका न् टाका मोजलेला आहे.

आपल्याकडे वस्तू जमवणारा माणूस झाला तो डॉ. दिनकर केळकर (१८९६–१९९०), ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे. लहानपणी गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने पुण्यात त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये ते राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. दिवे, अडकित्ते, कुलपं, वाद्यं मिळून वीस हजारांच्या वर वस्तू. तिथले अडकित्ते मी तासन्‌तास पाहिले आहेत. पण अडकित्ता काचेआड मिटलेला असतो. त्याची खीळ कुठे बसते, पातं सुपारीवर कोणत्या कोनातून उतरतं, हे चित्रातच उघडून दाखवता येईल. संग्रहालयांनी हे काम कला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडे सोपवायला हवं.

संगणकात शिरलेल्या घरगुती वस्तूंमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे एक चहाची किटली. १९७५ मध्ये युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांनी आपल्या घरातली मेलिटा कंपनीची किटली आलेखाच्या कागदावर काढली आणि तिचे बिंदू आकड्यांत उतरवले. जगभरच्या संशोधकांनी उजेड-सावलीचे प्रयोग त्या किटलीवर केले. खरी किटली आज कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. मात्र त्या मूळ आकड्यांत किटलीला बूडच नव्हतं. उजेडाच्या प्रयोगाला बूड लागत नाही. चहा ओतायला लागतं. वस्तू कशासाठी काढतो आहोत, त्यावर तिचं काय टिकणार हे ठरतं.

म्हणून माझ्या फाइलीत मी आणखी एक काम करते. इंकस्केप चित्र साठवतं ते एसव्हीजी या प्रकारात, आणि ती आतून साधी वाचता येणारी मजकूर-फाइल असते. प्रत्येक आकाराला नाव आणि वर्णन जोडता येतं, देवनागरीतही. ‘पाथ ४७१२’ असं संगणकाने दिलेलं नाव काढून मी ‘जाळी’, ‘तोटी’, ‘कडी’, ‘धुराडं’ लिहिते आणि वर्णनात तो भाग वापरणाऱ्याचं बोलणं. बंबाच्या मधल्या नळीच्या वर्णनात माझ्या मावशीचं वाक्य आहे: “विस्तव घालायच्या आधी पाणी आहे का बघ गं, नाहीतर डाख सुटेल.” कोरडा बंब पेटवला तर सांधे वितळून तो गळू लागतो, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. फोटोवरून आपोआप रेषा काढून देणारी सोयही इंकस्केपमध्ये आहे. ती सावलीच्या कडेलाच वस्तूची कड समजते आणि शेकडो निनावी तुकडे देते. त्यांतला जाळीचा कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बंब, पितळी स्टोव्ह, पानाचा डबा खाली उतरले असतील आणि मोडीत जाणार असतील, तर आधी मापं घ्या. घेर दोऱ्याने मोजा आणि ३.१४ ने भागा, व्यास मिळेल. उंची भाग-भाग करून मोजा: बूड ते पोट, पोट ते खांदा, खांदा ते धुराडं. फोटो लांबून, झूम करून काढा; जवळून काढला तर पोट नको तेवढं फुगतं. वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवा. झाकण काढून आतला फोटो, उलटं करून बुडाचा फोटो. स्टोव्हचा पंप बाहेर काढा आणि कातड्याचा वायसर शाबूत असेल तर त्याचाही फोटो घ्या. आणि घरात तो पेटवणारं कुणी असेल तर त्यांना शेजारी बसवून एकेका भागावर बोट ठेवत विचारा, “ह्याला काय म्हणायचात?” उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. स्टोव्ह भडकला तर काय करायचे, तेही विचारून घ्या.