तीनशेचा क्लब आणि बाकीचे आठ जण

वीस वर्षं नोकरी. दरवर्षी पंधरा सुपरहिट प्रोजेक्ट्स. मधे आजारपण नाही, बॅड पॅच नाही, 'ब्रेक घेतेय यार' नाही. जमेल? अमेरिकन बेसबॉलमध्ये पिचरला 'तीनशे विन्स'च्या क्लबात शिरायचं असेल, तर साधारण हाच हिशेब मांडावा लागतो. मेजर लीगच्या जवळपास दीडशे वर्षांच्या इतिहासात हे जमलंय फक्त 24 जणांना. शेवटचा रँडी जॉन्सन, 4 जून 2009 रोजी. त्यानंतर दार बंद!

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या डोक्यात लगेच तुलना येते ती विकेटची. पण न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मामेभावाने फोनवर ती पहिल्याच मिनिटाला मोडीत काढली. "ताई, विकेट बोलरची असते. मॅच हरली तरी कुंबळेच्या 619 टेस्ट विकेट्स कुणी काढून घेत नाही. विनचं तसं नाही गं."

कसं आहे मग? मॅच सुरू करणाऱ्या पिचरच्या खात्यात विन जमा व्हायला तीन अटी आहेत. एक, त्याने किमान पाच इनिंग टाकायच्या. दोन, तो बाहेर जाताना त्याची टीम पुढे असायला हवी. तीन, ती आघाडी शेवटपर्यंत टिकली पाहिजे. मधे नुसती बरोबरी झाली तरी त्याची विन गेली. आता बघा, यातली पहिली अट त्याच्या हातात. दुसरी बॅट घेतलेल्या दोस्तांच्या. तिसरी त्याच्यानंतर येणाऱ्या रिलीव्हरच्या. म्हणजे मेहनत तुमची आणि सही दुसऱ्याची. ओळखीचं वाटतंय ना?

मेहनत एकाची...

नोलन रायनचं 1987 चं वर्ष घ्या. वय 40. दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी फक्त 2.76, म्हणजे नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी. सर्वाधिक 270 स्ट्राइकआउट्सही त्याचेच. आणि विन्स? आठ. पराभव सोळा! ह्यूस्टनच्या बॅट्स त्याच्यासाठी चालल्याच नाहीत. तरीही हा माणूस पिचिंग करत राहिला आणि 324 विन्स घेऊन निवृत्त झाला. त्याच्या नावावर पराभव किती आहेत माहितीये? 292.

म्हणूनच हल्ली जाणकार विन्सकडे फारसं बघत नाहीत. 2018 मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने फक्त 10 विन्स मिळवल्या, पण धावांची सरासरी होती 1.70. त्याला साय यंग पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे हा पुरस्कार ज्याच्या नावाने देतात, त्या साय यंगच्या विन्स आहेत 511. विक्रमच आहे तो!

तिशीनंतर काय?

तिशी जवळ आली की धडधडणाऱ्या मंडळींनी (हात वर, मीही आहे) हा भाग नीट वाचावा. सहा फूट दहा इंचांच्या रँडी जॉन्सनने ज्या सीझनमध्ये तिशी गाठली, तो संपला तेव्हा त्याच्या खात्यात होत्या 68 विन्स. उरलेल्या 235 त्यानंतरच्या. तीनशेवी मिळाली तेव्हा तो 45 वर्षांचा होता. वॉरन स्पानची पहिलीच विन आली 25 व्या वर्षी, 1946 मध्ये. त्याआधीची तीन वर्षं दुसऱ्या महायुद्धात गेली होती. तो थांबला 363 वर. वयाच्या 42 व्या वर्षी एका सीझनमध्ये 23 विन्स काढल्या पठ्ठ्याने!

थांबायचं कधी?

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते दोन माणसांनी. पहिला अर्ली विन. 1962 संपताना 299 वर अडकलेला. शिकागोच्या टीमने सोडून दिलं. वय 43, गाउटने बेजार. पुढच्या वर्षी क्लीव्हलँडने घेतलं आणि 13 जुलै 1963 ला कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने पाच इनिंग टाकल्या. 5-4 अशी आघाडी असताना तो बाहेर गेला. पुढच्या चार इनिंग जेरी वॉकरने सांभाळल्या. झाल्या तीनशे! बरोब्बर तीनशे, पुढे एकही नाही.

दुसरा माइक मसीना. 2008 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी, त्याने आयुष्यात पहिल्यांदा एका सीझनमध्ये 20 विन्स घेतल्या. एकूण झाल्या 270. अजून दोन-तीन बरे सीझन आणि क्लबचं दार उघडलं असतं. त्याने काय केलं? रिटायर झाला. 2019 मध्ये तीनशेशिवायच हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली.

आता तर हे दार आणखी जड झालंय. टीममध्ये पाच पिचर आळीपाळीने सुरुवात करतात, त्यामुळे 162 मॅचेसमध्ये एकाच्या वाट्याला येतात जेमतेम 32-33. त्यात फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला की तो पिचरला ओळखून बसतो, म्हणून कोच पाचव्या-सहाव्या इनिंगलाच पिचर बदलतात. कोपराचं ऑपरेशन करून परतलेला जस्टिन व्हरलँडर 2025 चा सीझन संपला तेव्हा 266 वर होता. वय 42.

मला विचाराल तर मी मसीनाच्या बाजूची. पण अर्ली विनला हसायची माझी हिंमत नाही. 299 वर उभं राहिल्याशिवाय कसं कळणार? एवढं मात्र नक्की: अप्रेझलच्या कागदावर तुमचे आठच विन्स दिसत असतील, तर रायनचं 1987 आठवा. आणि तीनशे दिसत असतील, तर ऑफिसातल्या तुमच्या जेरी वॉकरला एक कॉफी नक्की पाजा.