पत्र्याखालची पडवी

आमचे घर जुने, माळवदाचे. पुढे पडवी काढली, तिच्यावर मात्र पत्रे टाकले. भर उन्हाळ्यात घरात गारवा आणि पडवीत भट्टी! एका वैशाखात दुपारी पडवीत निजलेल्या आमच्या आईला घेरी आली. तेव्हा आमचे डोळे उघडले. पत्रा पाऊस अडवतो, पण उन्हाची धग अडवत नाही.

असे का होते? माळवदावर वीत-दोन विती मातीचा थर असतो. धग त्यातून खाली उतरेपर्यंत सांज होते. पत्रा पातळ, तो लगेच तापतो. चुलीवरच्या तव्याजवळ हात धरून बघा. हात न लावताही चटका जाणवतो. तापलेला पत्रा म्हणजे डोक्यावर पालथा घातलेला तवाच!

आता बर्फवाल्याची युक्ती बघा. तो बर्फ भुशात आणि गोणपाटात गुंडाळतो. त्यात हवा कोंडून राहते. कोंडलेली हवा धग सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. आपली गोधडीही असेच काम करते. ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही.

आम्ही छतालाही गोधडी घातली. ती अशी. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बांधल्या. तट्ट्यांवर जुनी गोणपाटे शिवून पसरली. पत्रा आणि गोणपाट यांच्यामधली हवा तापते आणि वर चढते. तिला निघून जायला वर व खाली फट ठेवली. उंदीर शिरू नयेत म्हणून फटींना बारीक जाळी लावली.

पत्र्यावर वरून पांढरा रंगही दिला. पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबाद शहरात 2010 साली उन्हाने पुष्कळ माणसे दगावली. 2013 साली तिथे उन्हाळ्याशी झुंजण्याची योजना आखली गेली. पुढे गोरगरिबांच्या छतांना पांढरा रंग देण्याचे कामही तिथे झाले.

पण जपून बरे का!

चूल असेल तिथे तट्टी-गोणपाट लावू नये, आग लागेल. विजेची तार त्यांना चिकटू देऊ नये. पत्र्यावर चढताना फळी टाकावी. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नये, करवत लावू नये. त्यांत बहुधा ॲसबेस्टॉस असते. त्याची धूळ छातीत गेली तर पुढे कर्करोग होऊ शकतो.

आता आमची आई पुन्हा पडवीत बसते. तरी ऐन दुपारी आम्ही तिला माळवदाखालीच नेतो. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले यांना ऊन लवकर बाधते. कुणाचे अंग फार तापले, बोलणे बरळल्यासारखे झाले, तर ओल्या फडक्याने अंग पुसत तडक दवाखाना गाठावा.

पावसाची तयारी आपण मृगाआधी करतो. उन्हाची तयारी होळीआधी करावी.